पोरांची भिशी

खाली गोळीबार सुरू झाला तेव्हा माझा नऊ वर्षांचा वसंत दुकानात गेला होता, आणि त्याला एकट्याला दुकानात धाडणारी समोरच्या खोलीतली सुशी होती. शेजारीण दारातून ओरडली, "अगो इंदू, तुझो वसंतो खाली आसा!" मी पिठाच्या हातांनीच धावले. जिन्यात चार बायकांनी मला कमरेला धरलं. मी शिव्या दिल्या, एकीला चावलेसुद्धा, पण कोणी सोडलं नाही. खाली फटाफट आवाज, डोळ्यांत धूर झोंबत होता ... मग आवाज थांबले आणि थोड्या वेळाने सुशी जिना चढून वर आली. वसंत तिच्या कडेवर होता. एवढा नऊ वर्षांचा घोडा, कडेवर. बंद दुकानाच्या ओट्याखाली त्याला घालून ती वर पालथी पडून राहिली होती म्हणे. मी हात पुढे केले. तो माझ्याकडे आला नाही. त्याने आधी तिच्यापुढे मूठ उघडली. "मावशी, सगळे पैसे आहेत. एकपण नाही पडला." आणि ती म्हणाली, "शाब्बास रे माझ्या राजा." माझ्या! पोर माझं, आणि राजा तिचा.

ही सुशी महिन्यापूर्वी गेली. फोन वसंतला आला. माझा मुलगा आता आजोबा झालाय, तरी तो पलंगावर बसून मोठ्याने रडला. त्याचे वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी गेल्यावर कितपत रडेल ते बघायला मी नसणार, हेच तेव्हा माझ्या मनात आलं. तिच्या मुली म्हणाल्या, आईबद्दल दोन शब्द लिहा, तुम्ही तिच्या ओळखीतल्या सगळ्यांत जुन्या. देवमाणूस होती असं लिहिणारे पुष्कळ मिळतील. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला, मी घरी खानावळ चालवायची. माझ्याकडे बारा गडी जेवायला होते, तेव्हा पैसा मलाही कळत होता. पण मी तो पोरांपासून लांब ठेवायची. सुशीचं उलटं. गिरणगावात बायकांच्या भिशा घरोघर चालायच्या, हिने पोरांची भिशी काढली. दर रविवारी गॅलरीत पोरं गोल बसायची. रद्दी विकून, कोणाचं पाणी भरून जो पैसा मिळेल तो आणून टाकायचा. वाटीत चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्या पोराला सगळी रक्कम. पण खाऊ घ्यायचा नाही. आपल्या घरात काय कमी आहे ते आपणच शोधायचं, तीन दुकानांत भाव विचारायचा आणि एकट्याने जाऊन वस्तू आणायची. आईला सोबत न्यायला बंदी. आणि रक्कम मिळाली तरी शेवटच्या पोराची पाळी होईपर्यंत आपला पैसा टाकत राहायचं. घेऊन पळायचं नाही.

मी तिला एकदा म्हटलं, "सुशे, पोरांना पैशाची चटक लावत्येस तू."

"चटक लपवल्याने लागते गो. तू तांदळाच्या डब्यात लपवतेस म्हणून तर तुझा पोरगा तो डबा हुंगत फिरतो."

"माझा डबा तुला कोणी दाखवला?"

"आणि कोण? वसंतान!" असं म्हणून ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. माझ्या घरातली गोष्ट माझा मुलगा तिला सांगतो, हे मला तेव्हा कळलं. तिला तीन मुली होत्या. तीन असताना माझा एकुलता एक कशाला हवा होता तिला?

मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत हे कळल्यावर लालबाग-परळ पेटलं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर दगडांचा खच. त्या सकाळी जरा शांत होतं आणि भिशीची चिठ्ठी वसंतची निघाली. कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याने अर्धी फळी उघडलीये असं कोणीतरी सांगितलं. सुशी त्याला म्हणाली, जा, पटकन ये. मी आत भाकऱ्या थापत होते. मला कोणी विचारलं नाही. पुढचं वर लिहिलंच आहे. तिनेच पाठवला, तिनेच आणला. भांडायला गेले असते तर चाळ माझ्याच अंगावर आली असती, म्हणून भांडणही माझ्या वाट्याला आलं नाही.

दुकानं उघडल्यावर वसंतने त्या पैशांतून काय आणलं? नरसाळं. पत्र्याचं, स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायला. "आई, तू दर वेळी सांडतेस. मावशी म्हणाली, रॉकेल सांडलं म्हणजे पैसेच सांडले." म्हणजे मी रॉकेल कशी ओतते तेही तिच्या खोलीत बोलून झालं होतं! मी ते नरसाळं वापरलं. वस्तू चांगली होती.

पुढे नवे पैसे आले आणि सगळ्या बायका गोंधळल्या. आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्याचे पंचवीस. मोडून घेतलं की सहा चोक चोवीस, मधला एक पैसा जायचा. सुशीने पोरांना ते गॅलरीत खडूने मांडून शिकवलं, आणि चाळीतल्या बाया आपापलं पोर बोटाला धरून वाण्याकडे जायला लागल्या. एवढीएवढीशी पोरं वाण्याला म्हणायची, "शेठ, एक पैसा राहिला." मी वसंतला नेलं नाही. माझे पैसे गेले, जाऊ देत. वाण्याला दिले. तिच्या शिकवणीला तरी नाही दिले.

वसंतची नोकरी, लग्न, घर सगळं नीट झालं. कर्ज कधी काढलं नाही. लोक म्हणतात, इंदूबाई, मुलाला चांगलं वळण लावलंत. मी हो म्हणते. आजही तो माझ्या गुडघ्यांचं मलम आणायला तीन दुकानं फिरतो. मी इथे पाय धरून बसलेली असते आणि तो तिकडे भाव विचारत असतो ... सुशी माझ्या घरातून गेलेली नाही, ती ही अशी.

तेराव्याला आम्ही भोईवाड्याला तिच्या मुलीकडे गेलो. परत येताना वसंत म्हणाला, "आई, त्या दिवशी तू खाली का नाही आलीस?" एवढ्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"चार बायकांनी धरलं होतं मला."

"तिलाही त्यांनीच धरलं होतं. ओट्याखाली तिच्या मनगटातून रक्त येत होतं. मला वाटलं, गोळी लागली. ती म्हणाली, काही नाही रे, बायका सोडत नव्हत्या, हिसका दिला तर बांगड्या फुटल्या."

"गिरणीतली बाई ती. दणकट होती," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

ओट्याखाली ती दोघं होती, मी जिन्यात होते. आता ती नाही. तो आहे आणि मी आहे.