अर्ध्या अस्वलाची साक्षीदार

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे ‘अर्धं अस्वल’ म्हणत. दोष त्याचाच होता. एका रविवारी तो डोंगरातून सायकल हाणत आला आणि शपथेवर सांगू लागला, की झुडपात घुसणाऱ्या अस्वलाची मागची अर्धी बाजू आपण या डोळ्यांनी पाहिली. पुढची अर्धी बाजू आठवड्याभराने सापडली, ती धरणावरच्या चौकीदाराच्या काळ्या कुत्र्याची निघाली. दुसऱ्या कुणाला तोंड दाखवायची सोय उरली नसती. हा मात्र नव्या गिऱ्हाइकाला स्वतःहून ओळख करून द्यायचा, “मीच तो. जगाची नजर दुरुस्त करतो, माझी राहून गेली.”

रविवार उजाडला की सायकल बाहेर. डांबरी रस्ता संपेल तिथे ती झाडाला बांधायची आणि पुढे ओढ्याच्या काठाने पायी. चढावर पोट हँडलला टेकायचं आणि लहान मुलं चालत त्याला मागे टाकायची. “मी निसर्ग बघत सावकाश चाललोय,” असं तो धापा टाकत सांगे. पण रानावर त्याचा जीव होता, त्यात थाप नव्हती. लोकांनी फेकलेल्या बाटल्या पोत्यात भरून तो घरी आणी आणि बायकोची बोलणी खाई.

बायको वजनकाट्यावर कामाला होती. तिने ट्रकचं वजन सांगितलं की भले भले ड्रायव्हर गप्प बसत. तिला खोटं बोलताच येत नसे. शेजारणीचं बाळ पाहून सगळ्या बायका ‘किती गोड’ म्हणाल्या, तेव्हा हिने बराच विचार करून ‘तब्येत चांगली आहे’ एवढंच म्हटलं होतं. अशा बाईच्या पदरात हा थापाड्या पडला होता.

आणि एका रविवारी ओढ्याच्या वळणावर त्याला पाणमांजरं दिसली. अख्खी. आई आणि तिची पिल्लं ओल्या खडकावरून घसरगुंडी खेळत होती. त्याने फोटो काढायला घाईघाईने फोन वर धरला आणि फोनही घसरगुंडी करत पाण्यात गेला.

सोमवारी दुकानात त्याच्या तोंडात तीळ भिजेना. सगळे हसले. एक माणूस तेवढा हसला नाही. तो डोळे तपासायला आलेला सहलवाला होता. वरचा धबधबा त्यानेच लोकांना दाखवला होता, आणि आता तिथे गाण्यांचे डबे ठणाणा करत आणि पाण्यावर प्लास्टिकच्या थाळ्या तरंगत. पाखरू फिरकत नव्हतं.

“जागा कुठली रे?” सहलवाल्याने गोड आवाजात विचारलं. “दोन बस भरून माणसं आणतो.”

अर्ध्या अस्वलाने जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. ओढ्याचं नाव तर मघाशीच फुशारकीत सांगून बसला होता. आता पिल्लांचं काय होणार, या विचाराने त्याला जेवण जाईना. घरी त्याने सगळं सांगितलं.

“फोन कुठाय?” बायकोने विचारलं.

“पाण्यात.”

“नवा हवा होता तर सरळ बोलायचं होतं. पाणमांजरांना कशाला मध्ये आणलंत?”

तरी त्याचा उतरलेला चेहरा पाहून पुढच्या रविवारी ती शेजारणीची सायकल मागून निघाली. चढावर ती पुढे आणि साहसी वीर मागे. ओढ्यापाशी दोघं दगडाआड बसली. बराच वेळ काही हललं नाही. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, तेव्हा त्याला स्वतःलाच शंका आली, की मागच्या खेपेला आपण घूस तर नव्हती पाहिली? मग पाण्यातून एक मिशाळ डोकं वर आलं आणि त्यामागून पिल्लं. बायकोने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं, की दुसरी कुठली वेळ असती तर तो ओरडलाच असता.

“खरं बोललात की हो,” ती कुजबुजली. त्याला रडू आलं.

सोमवारी तो डबा घरी विसरला. ती तो घेऊन दुकानात आली, तर समोर नव्या चष्म्यासाठी थांबलेला सहलवाला.

“बरं झालं वहिनी आल्या! याचं सोडा, तुमचा शब्द म्हणजे शब्द. काल तुम्हीही गेला होतात म्हणे. आहेत का तिथे पाणमांजरं?”

मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं. ती खोटं बोलणार नाही, हे नवऱ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संपलं सगळं, असं म्हणून त्याने हातातली काच खाली ठेवली.

“गेले होते,” बायको म्हणाली. “नुसता चिखल आणि डास. आणि एक घूस. तिला बघून हे चिखलात बसले, ते मला ओढून काढावे लागले.”

दुकान हसून लोळायचं बाकी राहिलं. सहलवाल्याने चष्मा नाकावर चढवला, “वाचलो बुवा!” म्हणाला आणि गेला.

नवरा मागच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा बायकोचे कान लालबुंद झाले होते. दोघं पायरीवर येऊन उभी राहिली.

“घूस?” त्याने हळूच विचारलं.

“तोंडात तेच आलं. माझी छाती अजून धडधडतेय. कसं जमतं हो तुम्हाला दर आठवड्याला?” मग तिने डबा त्याच्या हातात दिला. “पिल्लं केवढी होतील हो रविवारपर्यंत?”

एरवी त्याने दोन्ही हात पसरून दाखवले असते.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला.