मागून जेवणाऱ्या जिजी

जिजींना घास चावताना मी पहिल्यांदा पाहिलं ते फ्रान्समध्ये. तोवर माझ्या लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. हे सांगितलं की काही लोक हसतात. ज्यांच्या घरात अशी एखादी बाई होती ते हसत नाहीत, नुसती मान हलवतात. जिजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. एकाच घरात, एकाच गॅससमोर आम्ही इतकी वर्षं काढली, त्यांच्या हातचं खाऊन माझी दोन्ही पोरं वाढली, आणि त्या स्वतः कधी जेवतात, काय जेवतात, हे मला कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं.

श्रीगोंद्यापासून जरा आत, उसाच्या रानात आमचं घर. नव्या पद्धतीचं, स्लॅबचं. जेवायला टेबलसुद्धा आहे. त्यात जिजींची खुर्ची कुठली म्हणाल, तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो असतो. सगळे बसले की त्या तव्यापाशी उभ्या. "तुमी बसा. मी हाय ना मागनं." हे वाक्य इतक्या वेळा कानावरून गेलं होतं की आम्ही ते ऐकायचंही सोडून दिलं होतं. तव्यावरची भाकरी थेट आमच्या ताटात यायची, आणि परातीत उरलेल्या पिठाची, कडा चिरलेली लहानशी भाकरी त्यांची. ती त्या ओट्याकडं तोंड करून, पदर ओठांवर धरून खायच्या. पाणी प्यायला मी आत गेले की त्यांचा हात आपोआप ताटावर झाकण ठेवायचा. "झालं माजं," म्हणायच्या. झालेलं नसायचं.

बाकीच्यांच्या पोटाची मात्र त्यांना भारी काळजी. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो की ऊसतोडीच्या टोळीतली बाई, पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला का?" समोरचा 'हो' म्हणाला तरी त्या त्याच्या तोंडाकडं एकदा बघायच्या आणि दोन भाकरी बांधून द्यायच्या. माझा नवरा, विलास, त्यांचा धाकटा दीर, चेष्टेनं म्हणायचा, "आमची वहिनी हवेवर जगते." जिजी हसायच्या. मलाही हसू यायचं. पुढं त्यांना शुगर निघाली, सकाळची गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं की जेवण वेळेवर झालंच पाहिजे, नाहीतर कुठंतरी चक्कर येऊन पडाल. त्या दिवसापासून आम्हाला हसू यायचं बंद झालं. जिजींचं मात्र काही बदललं नाही. "खाते की, मागनं," म्हणायच्या.

विलासच्या कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी फ्रान्सला, ल्यों नावाच्या शहरात पाठवलं. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून आमचंही मागोमाग आठवडाभर जायचं ठरलं. ओवी तेव्हा अकरा वर्षांची, समर सहाचा. जिजींना न्यायचा हट्ट माझा. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा पोरं त्यांनी सांभाळली होती. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन कर्जतला गेलेली, माझे मोठे दीर त्यांना म्हणाले, "मी हाय रानाकडं बघाया, जा तू." मी मनात एक गोष्ट पक्की करून निघाले होते. तिथं ओटा नाही, तवा नाही, वाढायचं काम नाही. तिथं तरी जिजींनी आमच्याबरोबर, वेळेवर, गरम जेवायचं. बाकी ते शहर बघितलं नाही तरी चालेल.

विमानातच मला अंदाज यायला हवा होता. सगळ्यांना जेवणाचे ट्रे आले. जिजींनी आपला ट्रे मांडीवर घेतला आणि समरच्या ट्रेवरचा कागद काढून दिला, मग ओवीचा, मग माझ्याकडं बघत बसल्या. समर एकेक वाटाणा वेचून खात होता. त्याचं होईपर्यंत विमानातली वाढणारी पोरगी ट्रे गोळा करत आली आणि जिजींचा न उघडलेला ट्रे हसत हसत उचलून घेऊन गेली. जिजींनी तेवढ्यात त्यातला पाव काढून पर्समध्ये टाकला होता. "कुटं जातंय," म्हणाल्या, "खाईन मागनं."

पोरांना घेऊन परक्या शहरात फिरणं म्हणजे घरचीच कामं दुसऱ्या गावात जाऊन करणं, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं. आभाळ दिवसभर राखाडी. फरसबंदी रस्त्यांनी समरचे पाय दुखायचे, मग माझी कंबर. ओवीला प्रत्येक पूल ओलांडायचा असायचा, आणि त्या गावातून दोन नद्या वाहतात, म्हणजे पुलांना तोटा नाही. जिजी स्वेटरवरून पदर घट्ट गुंडाळून, पायात बूट घालून, न बोलता चालायच्या. एका पुलावर मात्र थांबल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या. आमच्याकडं कालव्याला पाण्याचं आवर्तन कधी सुटणार यावर अख्ख्या गावाचं लक्ष असतं. त्या म्हणाल्या, "एवढं पानी चाललंय, आन् काठाला कुनाचं वावर न्हाई. कुनी भांडत बी नसंल." मला बसायला बाकडं हवं होतं, एवढंच मला सुचत होतं.

नदीकाठच्या भाजीबाजारात त्यांना जरा हुरूप आला. घेवड्याच्या शेंगांचा ढीग बघून त्या पुढं झाल्या आणि सवयीनं एक शेंग कडकन मोडून बघितली. मग दुसरी. भाजीवाला असा काही खवळला की समर माझ्यामागं लपला. तिथं मालाला हात लावायचा नसतो, हे आम्हाला काय माहीत. जिजी शांतपणे त्याला मोडलेली शेंग दाखवत म्हणाल्या, "कवळी हाय बाबा, चांगली हाय. राग कशाला धरतो?" त्याला एक अक्षर कळलं नसणार. पण त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या शेंगेकडं बघितलं, आणि ओंजळभर शेंगा पिशवीत घालून दिल्या. पैसे घेतले नाहीत. त्या रात्री आमच्या भाड्याच्या खोलीत घेवड्याची भाजी झाली. जिजी अर्थातच मागून जेवल्या, विजेच्या शेगडीकडं तोंड करून.

हॉटेलात तर रोज तोच तमाशा. तिथं सगळ्यांची ताटं एकदमच येतात आणि प्रत्येकानं आपापलं खायचं. कांद्याचं गरम सूप यायचं, वर चीजचा जाड थर. सायीत भाजलेले बटाटे यायचे, त्यावर पोरं तुटून पडायची. चिकन यायचं, तेही कसलं मऊ. गाय नको, डुक्कर नको, एवढं सांगितलं की पुढं काळजी नव्हती. जिजी हात मांडीवर ठेवून बसायच्या. समरचे बटाटे फुंकून द्यायच्या, ओवीच्या ताटातलं हाड काढायच्या. त्यांचं ताट निवत जायचं, वाढपी यायचा, काहीतरी विचारायचा आणि ताट उचलायचा. मी म्हणायचे, "जिजी, इथं मागून कुणी जेवत नाही. खा ना आता." त्या हळूच म्हणायच्या, "पोरगं खातंय अजून. आदी कशी जेवू मी?" रात्री खोलीवर त्या पर्समधला पाव चहात बुडवून खायच्या.

शेवटच्या आधीच्या दिवशी जे व्हायचं ते झालं. टेकडीवरच्या चर्चला जायच्या पायऱ्या चढताना जिजी एकाएकी भिंतीला टेकून खाली बसल्या. चेहरा पांढरा, थंडीत अंगाला दरदरून घाम. ओवीच्या हातात तिथं मिळते ती गुलाबी साखर-बदामाची वडी होती. तिनं ती सरळ जिजींच्या तोंडात कोंबली. जिजींनी त्याही अवस्थेत तोंड भिंतीकडं वळवलं आणि पदर ओठांवर ओढला. पाच-दहा मिनिटांनी त्यांना बरं वाटलं, आणि मग माझा तोल सुटला. मी थकले होते, भ्याले होते. "तुम्हाला काही झालं तर मी भावजींना काय तोंड दाखवू? काय मिळतं तुम्हाला सगळ्यांच्या मागं जेवून?" असलं काय काय बोलले. जिजी पायरीवर बसून ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "न्हाई गं उतरत घास. सगळे खात असले की न्हाई उतरत. मी काय करू?"

शेवटच्या दुपारी आम्ही टेकडीच्या पायथ्याला एका लहानशा खानावळीत गेलो. खानावळच म्हणते मी, कारण दाटीवाटीची टेबलं, तांबड्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, आणि आत स्वतः मालकीण रांधत होती. जाडजूड, पिकल्या केसांची, दंडावर भाजल्याचे डाग. जिजींसाठी आम्ही तिथला नावाजलेला पदार्थ मागवला होता. नदीतल्या माशाचे लांबट, मऊ वडे आणि वर दाट तांबूस रस्सा. वास असा की समर आपलं ताट सोडून तिकडं बघायला लागला. जिजींनी लगेच त्याला एक तुकडा दिला आणि हात मांडीवर ठेवले. मी माझं ताट पुढं ओढलं. बोलायची ताकदच उरली नव्हती.

आमची ताटं संपली तेव्हा मालकीण स्वतः बाहेर आली. जिजींचं भरलेलं ताट बघून तिचा चेहरा उतरला. विलासनं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, हातवारे करत सांगितलं, की बाई, स्वयंपाक वाईट नाही, आमच्याकडं ही सगळ्यांचं झाल्यावर जेवते. मालकिणीनं जिजींकडं जरा वेळ बघितलं आणि ताट उचलून आत नेलं. झालं, हेही गेलं, असं म्हणून मी जिजींच्या पर्समध्ये पाव शोधायला लागले.

गिऱ्हाईक हळूहळू निघून गेलं. आम्ही कोट घालत होतो, तेवढ्यात मालकीण आतून आली. एप्रन काढलेला, दोन्ही हातांत दोन ताटं, दोन्हीतून वाफ येत होती. एक तिनं जिजींपुढं ठेवलं, दुसरं स्वतःपुढं, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. रिकाम्या टेबलांवरून हात फिरवला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सगळे जेवले, आता मी. जिजींना विलासनं सांगायची गरज पडली नाही. त्या मला म्हणाल्या, "तुमी पोरांना घिऊन व्हा बाहेर. आमी जेवतो."

आमी. जिजींच्या तोंडून जेवण्याच्या बाबतीत मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

समर चौकातल्या कारंज्याभोवती पळत होता, आणि मी काचेतून आत बघत उभी होते. जिजी चावत होत्या. सावकाश, पदर खांद्यावर, तोंड उघड्या खोलीकडं. मधेच त्यांनी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि दोघींच्या ताटांत चिमूटभर ठेवली. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती खोकली, हसली, आणि आणखी मागितली. जिजी काहीतरी सांगत होत्या, ती काहीतरी सांगत होती. काय ते देव जाणे. मी इतके दिवस जिजींना आमच्या वेळेला आणून बसवायला झटत होते. त्यांच्या वेळेला कुणी त्यांच्याजवळ बसावं, हे आमच्या घरात कधी कुणाला सुचलंच नव्हतं. मला रडायला आलं, आणि मी रडले.

परतीच्या विमानात जिजी म्हणाल्या, "आई गेल्यापास्नं कुनी संगं बसलं न्हवतं बघ जेवाया." तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. घरी आल्यावर मी टेबलावर अर्धीच भाकरी खायला लागले आणि उरलेली अर्धी घेऊन ओट्यापाशी जायला लागले. पहिले काही दिवस त्या रागावल्या, "जा की, पेपर तपासायचे असतील तुजे." मग त्यांनी माझ्यासाठी पाट टाकून ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या वेळा पाळायच्या म्हणून मीच टेबलावरच्यांना लवकर उठवायचे. जिजींचं माहेर, त्यांची आई, त्यांना न शिकवल्याचं दुःख, सगळं मला त्या अर्ध्या भाकरीवर कळलं. तीन-चार वर्षं मिळाली आम्हाला.

मग त्यांची किडनी गेली. नगरच्या दवाखान्यात शेवटचे दिवस त्या नुसत्या सलाईनवर होत्या, तोंडानं काही जात नव्हतं. ओवीनं घरून मला डबा पाठवला होता. मी तो घेऊन बाहेरच्या बाकड्यावर जायला उठले. त्यांच्यासमोर कसं खायचं? जिजींनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हितंच बस," म्हणाल्या. "तू जेव. मी हाय संगं."

मी डबा उघडला. भाकरी गार झाली होती, कडा चिरलेल्या होत्या. ओवीला अजून नीट थापता येत नव्हती. जिजी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पदर ओठांवर न घेता, एकेक घास चावून, ती सगळी खाल्ली.