चांदीला गावाबाहेर नेलं तेव्हा

गोदूकाकीचा विषय निघाला की आमच्या गावात आधी तिच्या तोंडाची आठवण काढतात. खोटं कशाला बोलू, तोंड होतंच तसं. एका सुनेने दूध पातळ आहे म्हटलं, तर काकीने तिला भर रस्त्यात सुनावलं, "मंग माजं दूध कनाला घेतंस? दारात नळ हाय ना." त्या सुनेने पुढे बारा वर्षं रतीब मोडला नाही.

खारबाव स्टेशनपासून आमचं गाव रिक्षाने पंधरा मिनिटांवर. निम्म्या शेतांत गोदामं उभी राहिली, दुकानात पिशवीचं दूध आलं, तरी तीस घरांत काकीचीच किटली फिरायची. तान्ह्या बाळाचं घर असेल तर तिथे एकाच गाईचं दूध, वेगळ्या डब्यात. त्यात दुसऱ्या गाईचा थेंबही मिसळू द्यायची नाही. तिचा नवरा नवशाकाका गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती किटली घेऊन बाहेर पडली. लोकांनी नावं ठेवली. ती म्हणाली, "गेला तो गेला. पोरं जिती हायत, त्यांना काय सांगू?" माझी निशा सातव्या महिन्यातली, अंगावरचं दूध पुरेना. ती काकीच्या गाईवर वाढली. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते कोणा परक्या बाईशी केलं असं वाटायला नको.

मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. राखीव जागा होती म्हणून उभी राहिले आणि निवडून आल्यावर, आपल्याशिवाय गावाचं पान हलत नाही असं मला वाटायला लागलं.

तीन वर्षांपूर्वी भादव्यात गुरांच्या लम्पीची साथ आली. आमच्याकडे सगळ्यात आधी दाजी नावाच्या शेतकऱ्याच्या दोन गाईंच्या अंगावर गाठी आल्या. दाजीचा गोठा गावाच्या एका टोकाला, काकीचा दुसऱ्या टोकाला. मधे अख्खं गाव. पण मोबाईल सगळ्यांच्या खिशात होता. गाठींनी भरलेल्या गाईंचे व्हिडिओ फिरायला लागले, त्याखाली कोणी लिहिलेलं, की हे दूध प्यायलं तर लहान मुलांनाही अशाच गाठी येतात. त्याच आठवड्यात सरपंच भूपेशच्या पुतणीच्या अंगावर फोड उठले. डॉक्टरने कांजिण्या म्हणून सांगितलं. कोण ऐकतो? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दोन दिवसांत काकीच्या किटलीसमोर दारं लागायला लागली. तिच्या चारही गाईंच्या अंगावर एक गाठ नव्हती, आणि त्यातली चांदी तर विणीला आली होती.

मी पंचायत समितीतल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. शहाणी बाई ना मी, विचारून घेतलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हा आजार माणसाला होत नाही. दूध उकळून खुशाल प्या. माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे तो एका गुरातून दुसऱ्या गुरात जातो. म्हणून आजारी गुरं तेवढी बाजूला काढा. चांगली गुरं आपापल्या गोठ्यातच राहू देत, त्यांना आजारी गुरांजवळ नेऊ नका. सोमवारी मी लस घेऊन येतो." मी वहीत लिहून घेतलं, संध्याकाळच्या सभेत सांगते म्हटलं. तो दिवस गुरुवार होता.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळात बैठक बसली. एवढी माणसं मी पाणीटंचाईच्या सभेलाही पाहिली नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. एकीने भूपेशला विचारलं, "माझ्या पोराला काय झालं तर तू भरून देणार का?" कोणी म्हणालं, गुरं विकून टाका. कोणी म्हणालं, गाव सोडून हाकला. भूपेश माझ्याकडे बघून म्हणाला, "वैशालीताई, तुम्ही डॉक्टरशी बोलल्या ना? काय म्हणतो तो?"

वही माझ्या पिशवीत होती. ती काढून वाचायची, एवढंच काम होतं. पण समोरच्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, की "दूध प्या" म्हटलं असतं तर उद्या गावातल्या कुठल्याही पोराला साधा ताप आला तरी तो माझ्या माथी आला असता. आणि निवडणूक सहा महिन्यांवर होती. तेही होतं मनात, कशाला लपवू?

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, गुरं बाजूला काढा."

आजारी हा शब्द मी गिळला. मग तो गिळल्याचं कोणाला कळू नये म्हणून मीच पुढची तोड सुचवली. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याचं एक रिकामं गोदाम होतं. गावातली सगळी गुरं तिथे एकत्र ठेवू, साथ ओसरेपर्यंत गावात एकही जनावर नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवळात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि मला त्या गोड लागल्या. भूपेशने हात वर करायला सांगितले. सगळ्यात आधी माझा हात वर गेला.

काकी खांबाला टेकून बसली होती. कोणाला उलटून बोलल्याशिवाय जिला घास उतरत नाही ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. घाबरली असेल, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी दाजीच्या दोन आजारी गाई आणि गावातली नऊ धडधाकट गुरं एका पत्र्याखाली बांधली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशातली गत. आमची पोरं दाराशी चुन्याची रेघ मारून आली, जशी काही माशी ती रेघ बघून मागे फिरणार होती. काकी दिवसातून दोनदा जाऊन कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची. आपल्या गाई तिने भिंतीच्या अगदी कोपऱ्यात नेऊन बांधल्या. पण गोदाम ते केवढं.

शनिवारी चांदी व्याली. गाय व्याली की पहिला चीक काकी रतिबाच्या घरांना वाटायची. आमच्याकडे चीक नाकारत नाहीत, आणि चिकाचं भांडं धुऊन परत देत नाहीत. तसंच खरकटं द्यायचं, वर चिमूटभर साखर टाकून. भांडं धुतलं तर गाईचं दूध आटतं म्हणतात. त्या दिवशी काकी बाकीची सगळी दारं सोडून फक्त माझ्याकडे आली. तांब्या पुढे करून म्हणाली, "निशाला वड्या कर. कालवड झाली."

मी पदराने तांब्या धरला. ती ओट्यावर बसली होती तेवढ्यात मागच्या दारी जाऊन चीक मोरीत ओतला. मला डॉक्टरने स्वतः सांगितलं होतं, तरी ओतला. दुसऱ्यांना भिववता भिववता माणूस स्वतःही भितो, एवढंच मला त्यातून कळलं. आणि मग हाताला सवय म्हणा, भीती म्हणा, मी तो तांब्या साबणाने घासला, उकळतं पाणी घातलं आणि पुसून तिच्या हातात दिला.

काकीने तांब्याच्या आत बघितलं. बोट फिरवलं. "धुतलास," म्हणाली, आणि उठून गेली. त्यानंतर आमच्या ओट्यावर ती बसली नाही.

सोमवारी डॉक्टर लस घेऊन आले. गोदामात शिरले आणि दारातच थांबले. "ही सगळी एकत्र कोणी आणली?" भूपेशने सांगितलं, गावाचा ठराव आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. चारचौघांत काही बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी त्याच दिवशी गुरं आपापल्या गोठ्यात पाठवली आणि लस टोचली, पण लस लागू पडायला दिवस जावे लागतात. त्याआधीच सहा गुरांना गाठी आल्या. चांदी ओली बाळंतीण, तिच्यात ताकद नव्हती. पाय सुजले, खाणं सुटलं, कासेत थेंब राहिला नाही. अकराव्या दिवशी ती गेली. काकीची दुसरी एक गाय तिच्या मागोमाग गेली. दाजीच्या दोघी, ज्यांच्यामुळे सगळं सुरू झालं, त्या मात्र वाचल्या. शेजारच्या गावात ठराव वगैरे काही झाला नव्हता. तिथे एकच जनावर दगावलं.

उरलेल्या दोन गाई आणि चांदीची कालवड काकीने वाडा तालुक्यातल्या भाच्याला देऊन टाकल्या. विकल्या नाहीत, दिल्या. मी विचारलं तर म्हणाली, "या गावात जनावर ठेवायचं न्हाय मना." आता ती वळ गावच्या एका गोदामात खोक्यांवर चिकटपट्ट्या मारायच्या ड्युटीला जाते. साठी उलटलेली बाई, उभ्याने काम. चहाला पिशवीचं दूध आणते. निवडणूक मी जिंकले. बैठकीत मी वेळेवर निर्णय घेतला आणि गावातली पोरं वाचवली, असं लोक अजून सांगतात.

मागच्या महिन्यात मला ते ऐकवेना. रविवारी तिची सुट्टी असते, मी तिच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याशीच बसले आणि तीन वर्षं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती ते सगळं सांगितलं. डॉक्टरने फोनवर काय सांगितलं होतं, वही पिशवीत कशी होती, मी कुठला शब्द गिळला. शेवटी म्हटलं, "काकी, तुझी चांदी मी मारली."

तिने सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"मना माहीत हाय," ती म्हणाली. "सभेच्या दिवशी दुपारी डाक्टरला मी पन फोन केला व्हता. मनापन तेच बोल्ला, चांगली गुरं हलवू नको. तो बोल्ला, तुमच्या वैशालीताईला सांगितलंय, ती सांगेल सभेत."

"मग तू का नाही बोललीस?"

"माजी गाय, माजं दूध. मी बोल्ले असते तर लोक बोल्ले असते, धंदा वाचवते. माजं कोन ऐकतंय, बाय? तू बोलशील म्हनून मी गप बसले."