मेदिंगताईने रडवलेलं बाळ

फिलिपिन्समधल्या आमच्या लुसेनाच्या इस्पितळात मेदिंगताईला कुणी प्रेमाने हाक मारत नाही, अडलं की मारतात. सोनोग्राफीच्या खोलीत तिची एकवीस वर्षं गेली, त्यातली सोळा मी नर्स म्हणून तिच्या शेजारी काढली. बाई इतकी फटकळ की डॉक्टरसुद्धा रिपोर्ट मागण्याआधी तिला "जेवलीस का?" विचारतात.

लहान मुलांच्या गळ्याचं काम तिच्याकडेच येतं. घशात दुर्बीण घालायची नाही, गळ्यावर जेल लावून वरून प्रोब टेकवायचा, की पडद्यावर दोन्ही स्वरतंतू हलताना दिसतात.

त्या बुधवारी तिने आदल्या दिवशीचं एक चित्रण पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलली. चार महिन्यांची क्विनी. हृदयाच्या ऑपरेशनपासून आवाज बसलेला, श्वास घेताना घरघर. दुसऱ्या पाळीच्या माणसाने लिहिलं होतं, दोन्ही तंतू हलत नाहीत. म्हणजे गुरुवारी सकाळी गळ्याला भोक पाडून नळी बसवायची.

"झोपलेल्या पोरीचा गळा बघितलाय शहाण्याने!" ती कडाडली. "झोपेत तंतू हलतात तरी किती! रडवली असती तर कळलं असतं."

पण रडवणार कशी? क्विनीची आई हाँगकाँगला कामाला, बाळ आजीच्या हवाली. ही आजी, आमच्या बोलीत लोला, नाव पसिता, बाळाच्या तोंडातली चोखणी काढू देईना. परक्यापुढे बाळ रडलं की दृष्ट लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"आधी थुंकी लाव," लोलाने बजावलं. परक्यानेच आपल्या थुंकीचं बोट बाळाला लावायचं, मग त्याची नजर बाधत नाही.

"ताई, खबरदार! इस्पितळ आहे हे!" मी ओरडले.

तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मास्क खाली, बोट जिभेला, तेच बोट बाळाच्या टाचेला. "झालं समाधान? आता हात मागे घ्या लोला, नाहीतर बाहेर बसवीन." मी चडफडत ती टाच स्पिरिटने पुसली.

चोखणी निघाली. क्विनीने भोकाड पसरलं, तेही त्या बसक्या आवाजात. ऐकवत नव्हतं. लोलाचा हात दोनदा पुढे आला, दोनदा तिनेच तो मागे घेतला. पडद्यावर डावा तंतू ढिम्म. उजवा मात्र दर श्वासाला उघडत होता, मिटत होता. डॉक्टर आले, त्यांनी नीट पाहिलं आणि ऑपरेशन रद्द केलं. एका तंतूवर पोर श्वास घेईल, दूध तेवढं जपून पाजायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

लोलाचा चेहरा मात्र उतरलेलाच. बाळाला खांद्यावर घेऊन तिने विचारलं, "काल मीच हिला थोपटून निजवली होती. म्हणून हिचा गळा कापणार होते का गं?"

खरं उत्तर 'हो' होतं. मेदिंगताईने प्रोबवरचं जेल पुसून तो जागेवर ठेवला.

"तुम्ही आजीचं काम केलंत, लोला," ती म्हणाली. "आमच्या माणसाने आमचं केलं नाही."