तीन कुंड्यांतला घेवडा

मी अजून शिकतोच आहे, त्यामुळे खतांवर मी लिहिणं जरा आगाऊपणाचंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे परदेशात, अप्पर हट नावाच्या शहरातल्या एका गार्डन सेंटरमध्ये मी पार्टटाइम काम करतो. एका शनिवारी आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक कांबळेकाकू टोमॅटोचं उपटलेलं रोप घेऊन काउंटरवर आल्या. शेंड्याची पानं फर्नच्या कोंबासारखी आत वळली होती.

"तुझ्या शीप पेलेट्सचे प्रताप. माझं निळं रासायनिक खतच बरं होतं."

शीप पेलेट्स म्हणजे मेंढ्यांच्या लेंड्या आणि लोकर वाळवून केलेले गोळे. ते मीच सुचवले होते. बॉस ग्रॅहम म्हणाला, पैसे परत दे आणि विषय संपव. मला ते पटेना. काकूंनी पुन्हा नैसर्गिक खताला हात लावला नसता, आणि माझ्यावर विश्वासही ठेवला नसता.

आणखी काय घातलंत, असं मी विचारलं. जवळच्या तबेल्यातली घोड्याची लीद, म्हणाल्या. तेव्हा क्लासमधलं आठवलं. कुरणावर मारलेली काही तणनाशकं गवतातून घोड्याच्या पोटात जातात आणि तशीच लिदीतून बाहेर पडतात. लीद कुजली तरी ती लवकर जात नाहीत. टोमॅटो आणि घेवड्याला ती लगेच बाधतात.

"ग्रॅहम, तीन कुंड्या घेऊ?"

"घे. पण गिऱ्हाइकांना वास आला तर कुंड्यांबरोबर तूही बाहेर."

एकीत नुसतं पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीसाठीची तयार माती, दुसरीत त्यात पेलेट्स, तिसरीत काकूंकडची लीद. तिन्हींत घेवडा पेरला. फोनवर बाबा हसले. "लीदच चिवडायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलास?"

पानं फुटल्यावर काकूंना बोलावलं. पहिल्या दोन कुंड्यांतली पानं सपाट होती, पेलेट्सवाली तर जास्तच हिरवी. तिसरीतली आत वळलेली. काकूंनी तिसरीतलं एक पान उलटून पाहिलं.

"मग माझा वाफा गेला का रे?"

मला पूर्ण खात्री नव्हती. तरी सांगितलं, लीद काढून टाका, माती उकरत राहा, जमिनीतले जंतू उरलेलं हळूहळू संपवतील. पुढच्या सीझनला आधी घेवडा लावून बघा.

मी शिकलो ते एवढंच: खत नैसर्गिक असलं, तरी ते देणारं जनावर काय खाऊन आलं ते विचारावं. आता वळलेली पानं घेऊन कोणी आलं की ग्रॅहम त्यांना माझ्याकडे पाठवतो.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोटो आला. त्याच वाफ्यात घेवडा, पानं सपाट. खाली लिहिलं होतं, "आता टोमॅटो लावते. पेलेट्सची दोन पोती बाजूला ठेव."