तिलावत चालू असताना
काल दवाखान्यात दंडाला पट्टा आवळला, पंप फुसफुसायला लागला आणि तासगावची ती संध्याकाळ आठवली. अम्मी बेदाण्याच्या शेडवरून निवडणी करून आली होती, हाताला अजून बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास होता. तिचं बीपी लय वाढलेलं. आमचे डॉक्टर म्हणाले होते, गोळी चुकवायची नाही, पण जोडीला रोज थोडा वेळ कुराणाची तिलावत, म्हणजे सुरातलं पठण, ऐका, जिवाला बरं वाटेल. मी मोबाइलवर तिलावत लावली. अम्मी डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकली. तेवढ्यात अब्बा दारातून ओरडले, "चहा टाक गं!" आणि तिलावत कानावर पडताच गप्प झाले. ती चालू असताना बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक. अब्बा टोपी घालून उंबऱ्यातच बसले. भाऊ शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन आला, तसाच मागं फिरला. अम्मीचे खांदे असे सैल पडलेले मी पहिल्यांदाच बघितले. तिलावत संपली तशी मी हळूच म्हणाले, "अम्मी, अब्बा चहासाठी थांबल्यात." डोळे न उघडताच ती म्हणाली, "थांबू देत. परत लाव." आता गोळ्या मलाही सुरू झाल्यात. पोरानं इअरबड आणून दिलेत, ते कानात घालून भाकऱ्या थापता थापता मीही तिलावत ऐकते. घरात दुसऱ्या कुणाला ती ऐकू येत नाही, त्यामुळं हाका काही थांबत नाहीत.