सुईतलं औषध

वेदनेला भाषा नसते, जात नसते, सीमा नसते. समारोपाच्या भाषणात पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी हे वाक्य दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा टाळ्यांसाठी थांबले. तळेघरच्या त्या सभागृहात बसलेल्या बायकांच्या वेदनेला मात्र भाषा होती आणि ती सकाळपासून अखंड सुरू होती. भातलावणीत कंबर गेली, कंबर सांभाळली तर गुडघा गेला, आणि दोन्ही गेलं ते थोरल्या जावेमुळे.

मी तिथे दुभाषा होतो. परदेशातून आलेल्या एक बाई आसपासच्या वाड्यांतल्या आशा सेविकांना अ‍ॅक्युपंक्चर शिकवत होत्या. दवाखाना लांब, एसटी क्वचित, दुखणी मात्र घरोघर. तेव्हा वाडीतच कुणाला तरी सुया टोचता याव्यात, असा विचार होता. आधी सगळ्यांनी बटाट्यांवर हात बसवला. रुग्ण म्हणून बटाटे आदर्श होते. शेवटच्या दिवशी मात्र प्रत्येकीने आपापला माणूस आणून त्याच्यावर उपचार करून दाखवायचे होते. जमलं तर सुयांचा खोका मिळणार, नाही तर रिकाम्या हाताने घरी.

वरच्या वाडीतली एक सेविका सासूला घेऊन आली होती. दुसरं कुणी तयारच झालं नव्हतं. नाचणीची खुरपणी सोडून सून चार दिवस बाहेर राहिली, याचा राग सासूच्या चेहऱ्यावर गुडघेदुखीहून ठळक दिसत होता.

"खोकं मिळालं तर ठीक," ती सर्वांदेखत म्हणाली, "न्हाई तर उद्यापासून तुझं हे ट्रेनिंग-बिनिंग बंद. गप रानात चलायचं."

सुनेने मान हलवली, कापसाने गुडघा पुसला, पाकीट फोडलं आणि केसासारखी बारीक सुई बाहेर काढली. सासूने ती उजेडाकडे धरायला लावली.

"औषध कुठंय यात?"

"यात औषध नसतंय, आत्या."

"मंग टोचती कशाला?"

"नुसती सुईच काम करती."

"मला येडी समजती का? लई इंजेक्शनं घेतलीत मी. सुई आली म्हंजी औषध आलंच." मग ती पहिल्या रांगेत फोटोसाठी थांबलेल्या पाहुण्यांकडे वळली. "साहेब, सरकारनं धाडलेल्या सुया पोचल्या. औषध मधल्यामधी कुणी खाल्लं?"

सभागृह शांत झालं. इतकं शांत ते भाषणाच्या वेळीही नव्हतं. "काय म्हणतायत त्या?" बाईंनी मला विचारलं. उपचारातल्या घटकांविषयी शंका आहे, असं मी सांगितलं. फार चांगला प्रश्न आहे, असं बाई म्हणाल्या.

पाहुण्यांना तो तितका चांगला वाटला नाही. मागे दोन मोबाइल वर झाले होते. "मावशी, यात खाण्यासारखं काही नसतंच," ते म्हणाले.

"आसं समदेच म्हनत्यात राव!" मागून कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

तेव्हा पाहुण्यांनी, कार्यक्रमपत्रिकेत नसलेली गोष्ट बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच केली. जाकीट काढलं, खुर्चीत बसले आणि सुनेला म्हणाले, "ताई, मला टोच. बघू दे सगळ्यांना."

बटाट्यांचा सराव सुनेच्या कामी आला. एक सुई अंगठ्याच्या बेचक्यात, एक गुडघ्याखाली, आणि एक दोन भुवयांच्या मध्ये, स्वागताच्या कुंकवाला लागून. बाईंनी सूचना दिली आणि मी ती अगदी मनापासून मराठीत सांगितली: सुया आहेत तोवर हलायचं नाही, बोलायचंही नाही. जाकिटातला फोन वाजून वाजून थांबला. हळूहळू पाहुण्यांचे डोळे मिटले, मान कलली आणि ते घोरू लागले.

सासू उठून त्यांना जवळून, वाकून बघून आली.

"ह्येला औषधाची लावली," तिने जाहीर केलं. "मला बी त्याच पाकिटातली पायजे."

 त्याच पाकिटातली नवी सुई काढून सुनेने सासूच्या गुडघ्याला लावली.

"दुखतंय का, आत्या?"

"न्हाई. म्हनून तर इश्वास बसंना."

पण पडून राहिली. सुया काढल्यावर उठली, खोलीभर चालून आली आणि उपकार केल्यासारखं म्हणाली, "बरं हाय." बाईंनी खोका सुनेच्या हातात दिला. सासूने तो तिथल्या तिथे काढून घेऊन स्वतःच्या पिशवीत घातला, आणि पुढच्या ट्रेनिंगला सुनेला कधी धाडायचं, ते मला विचारलं.

पाहुणे आता प्रत्येक भाषणात त्या गुडघ्याचं उदाहरण देतात. गुडघ्याचं दुखणं उतरलं, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी सासू घोडेगावच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आली होती. औषध असलेलं.